गोठा, वेस आणि शेजारी

नाताळ जवळ आला की आपल्या प्रत्येक धर्मग्रामात तरुण मंडळी गोठा उभारण्याच्या उद्योगाला लागतात. गवत, बांबू, कागदाचे डोंगर, वर एक तारा. मध्यभागी बाळ येशू, पवित्र मरिया व संत योसेफ. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला गाढव. या दोन मुक्या जनावरांवाचून गोठा पुरा झाला असे कोणालाच वाटत नाही. वास्तविक संत लूकच्या शुभवर्तमानातील जन्मकथेत बैलाचा किंवा गाढवाचा उल्लेखही नाही. तेथे आहे ती फक्त गव्हाणी. परंतु यशया संदेष्ट्याने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच एक कडू तक्रार नोंदवली आहे. बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला आपली गव्हाणी कळते, पण देवाच्या प्रजेला मात्र आपला देव कळत नाही, असा तिचा आशय. ख्रिस्ती श्रद्धेने या दोघांना तेथून उचलून बेथलेहेमच्या गोठ्यात आणून उभे केले. १२२३ साली इटलीतील ग्रेचो या खेड्यात असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गव्हाणी मांडली, तेव्हा त्यानेही गवत, बैल आणि गाढव यांची आवर्जून व्यवस्था केली होती.

हा गोठा पाहताना गेली काही वर्षे माझ्या मनात एक प्रश्न घोळत आहे. प्रभूचा जन्म आपल्या मराठवाड्यातील एखाद्या खेड्यात झाला असता, तर हा गोठा गावात नेमका कोठे असता? वेशीच्या आत की वेशीच्या बाहेर? प्रश्न वरवर साधा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले की आपल्या गावांचा सारा इतिहास उलगडू लागतो. प्रस्तुत लेखात ताडकळस आणि त्याच्या आसपासचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवून तो उलगडण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे.

परभणीहून पालमच्या दिशेने निघाले की वाटेत ताडकळस लागते. आज ते परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात मोडते. पूर्णा आणि गोदावरी या दोन नद्यांचा हा काळ्या मातीचा मुलूख. पावसाळ्यात पाय रोवला तर वहाण मातीतच राहावी आणि उन्हाळ्यात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडाव्यात, अशी ही माती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी निजामाची रेल्वे परभणी-पूर्णा मार्गे धावू लागली आणि येथल्या कापसाला मुंबईची बाजारपेठ जवळ आली. राज्ये बदलली, नाणी बदलली, दप्तराची भाषाही बदलली. परंतु गावाचा दिवस जनावरांच्या पावलांनीच उगवत आणि मावळत राहिला.

या भागातील एखादे जुने घर पाहावे. मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. मोठ्या दरवाजातून आत शिरले की ढाळज, तिच्या पलीकडे अंगण आणि अंगणाच्या एका अंगाला दावणीला बांधलेली जनावरे. ज्या दरवाजातून घरची सून माप ओलांडून आत आली, त्याच दरवाजातून बैलही आत येत. रात्री घरधनी बाजेवर पडून बैलांच्या रवंथाचा आवाज ऐकत असे. तो आवाज मध्येच थांबला तर कंदील हाती घेऊन उठत असे. गोठा हा घराला जोडलेला नव्हता. तो घराच्या पोटातच होता.

दिवसाचा आरंभ बाईच्या हाताने होई. पहाटे शेण गोळा करायचे, अंगणात सडा घालायचा, जमिनी सारवायच्या, उरलेल्या शेणाच्या गोवऱ्या थापायच्या. गाईम्हशींची धार काढायची, वासराला त्याचा वाटा सोडायचा. शेण म्हणजे घराची जमीन, चुलीचे जळण आणि शेताचे खत. त्यातले चुलीत किती घालायचे आणि उकिरड्यावर किती टाकायचे, याचा हिशेब तिच्याच डोक्यात असे. दिवस वर आला की गावाचा गुराखी घरोघरची गुरे एकत्र करून गायरानात नेई. त्याला जनावरामागे धान्य ठरलेले असे. सांजवेळी धूळ उडवीत कळप वेशीतून आत शिरला की प्रत्येक जनावर न चुकता आपापल्या दाराशी वळे. यशयाचे म्हणणे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

गायरान हे कोणा एकाचे नव्हते, पाणवठाही कोणा एकाचा नव्हता, असे आपण सहज म्हणतो. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्याकडे आपण पुढे येऊ. एखाद्याचे जनावर दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरले की ते कोंडवाड्यात जाई आणि दंड भरून सोडवून आणावे लागे. त्यावरून भांडणे होत, पिढ्यानपिढ्यांचे अबोले होत. जनावर हे शेजाऱ्यांना जोडणारे होते, तसेच तोडणारेही होते. खेडे म्हणजे निखळ गोडवा असे चित्र जे रंगवतात, त्यांनी बहुधा कोंडवाडा पाहिलेला नसतो.

या मुलखातील गुरांचे वाणही या मातीतूनच घडले. नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या नावाने ओळखला जाणारा लाल कंधारी वाण गडद तांबड्या रंगाचा. उदगीर-देवणी भागातला देवणी वाण पांढऱ्या-काळ्या रंगाचा. त्याच्या ठिपक्यांवरून शेतकरी वानेरा, बालंक्या आणि शेवेरा असे तीन प्रकार सांगतात. मराठवाडी म्हैस आणि काळ्या रंगाची उस्मानाबादी शेळी ही त्यांची भावंडे. लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. तेथे देवदर्शनाइतकाच जनावरांचा बाजार महत्त्वाचा. बैलाचे दात पाहून वय ठरवायचे, चालवून पाय पाहायचे आणि उपरण्याखाली बोटे दाबून किंमत करायची, ही तेथली जुनी रीत. १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ आले आणि त्याच वर्षी पशुवैद्यक महाविद्यालयही सुरू झाले. शेतकऱ्याच्या बैलाला पुस्तकी विद्येचा आधार मिळाला तो त्यानंतर.

आता शेजारधर्माकडे वळू. काळी जमीन खोल नांगरायची तर एका बैलजोडीचे ते काम नव्हे. जड नांगराला दोन-दोन, तीन-तीन, कधी चार जोड्या जुंपाव्या लागत. एवढे बैल गावात कितीशा घरी असणार? बहुतेकांकडे एक जोडी, कित्येकांकडे तर एकच बैल. म्हणून सावड होती. ज्याच्याकडे एक बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी जोडी जमवी. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात. काही ठिकाणी याला वारंगुळा म्हणतात. मोठे काम असले तर इर्जिक घालायची. सारे शेजारी आपापली औते घेऊन एकाच्या शेतात उतरत, दिवसभरात काम उरकत आणि तो घरधनी सर्वांना जेवू घाली. पैसा कोणी मागत नसे. मागितला जाई तो पाळीचा शब्द. सावड मोडणारा माणूस पुढच्या वर्षी एकटा पडे. म्हणजे हा शेजारधर्म केवळ मनाच्या मोठेपणातून आलेला नव्हता. जड मातीने आणि अपुऱ्या बैलांनी माणसांना तो शिकवला होता. देव कधीकधी गरजेच्या हातूनही शिकवतो.

हा पाळीचा व्यवहार केवळ आपल्याच मातीत उगवला असे नव्हे. सेमिनरीच्या दिवसांत एका वृद्ध स्पॅनिश फादरांच्या तोंडून मी त्यांच्या खेड्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या. १९२२ पासून स्पॅनिश येशूसंघीय मुंबई मिशनमध्ये येऊ लागले. इतिहासकार फादर हेरास त्याच वर्षी मुंबईस आले. पुढच्या पिढीतील विन्सेंट फेरर यांनी मनमाड परिसरात शेतकऱ्यांना विहिरी खोदण्यास हात दिला. १९६८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला, तेव्हा हजारो शेतकरी त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९६९ मध्ये ते परत आले ते आंध्रातील अनंतपूरला, आणि २००९ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. या मंडळींना आपला शेतकरी इतक्या लवकर कसा कळला, याचे मला नवल वाटे. त्यांच्या देशातली खेडी समजून घेतल्यावर ते नवल ओसरले.

स्पेनच्या उत्तरेकडील डोंगराळ गावांत जुन्या घरांच्या तळमजल्यावर गुरे आणि वरच्या मजल्यावर माणसे राहत. खालच्या गुरांची ऊब वरच्यांना थंडीत मिळे. लेओन आणि आस्तुरियास या प्रांतांत गावाचा कळप राखण्यासाठी घरटी पाळी लावत. त्या पद्धतीला ‘वेसेरा’ म्हणत. पाळी या अर्थाच्या स्पॅनिश शब्दापासूनच हे नाव आले आहे. तेथे कळपाचे महत्त्व एवढे की मेंढपाळांचा ‘मेस्ता’ नावाचा संघ १२७३ साली राजाज्ञेने स्थापन झाला आणि १८३६ पर्यंत टिकला. १७ जानेवारीला, मठवासी संत अंतोनीच्या सणाला, गावोगावचे लोक बैल, खेचरे, कुत्री, कोंबड्या घेऊन चर्चच्या दारी जमतात आणि धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात. सालामांका प्रांतातील ला आल्बेर्का गावात एक डुक्कर १३ जूनला आशीर्वाद देऊन मोकळे सोडतात. ते गल्लोगल्ली हिंडते, सारे गाव त्याला खाऊ घालते आणि १७ जानेवारीला त्याची सोडत काढतात. पूर्वी ते एखाद्या गरीब घराला दिले जाई, असे सांगतात. सर्वांनी मिळून पोसलेले जनावर गरिबाच्या घरी जावे, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडे बैलाचा सण म्हणजे पोळा. श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद लावून ते शेकतात आणि उद्या जेवायला या, असे आवतण बैलाच्या कानात सांगतात. दुसऱ्या दिवशी आंघोळ, शिंगांना रंग, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग, आणि पुरणपोळीचा घास. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही. शब्बाथाच्या आज्ञेत बैल आणि गाढव यांच्याही विसाव्याची तरतूद आहे, हे येथे सहज आठवते. सायंकाळी सारे बैल वेशीजवळ तोरणाखाली जमतात. तोरणाखालून आधी जातो तो मानाचा बैल, बहुधा पाटलाचा. मग बाकीच्यांचे, ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे. ज्या घरी बैलच नाही, तेथे मुले मातीचे बैल पूजतात. एवढ्या सुंदर सणातही गावाची उतरंड बैलांच्या रांगेतून स्पष्ट दिसते.

ही उतरंड खऱ्या अर्थाने कळे ती खळ्यावर. कोळपणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला मुसके बांधतात, कारण तो उभे पीक खाईल. मळणीत मात्र त्याने चार घास घेतले तर शेतकरी सहसा रागावत नसे. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके घालू नये, अशी आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात आहे. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना हीच आज्ञा उचलली आणि विचारले, देवाला काय फक्त बैलांचीच काळजी आहे? राबणाऱ्या माणसाला त्याच्या राबण्यातला वाटा मिळावा, हा तिचा अर्थ आहे, असे तो सांगतो. आपल्या खळ्यावरही वाटे पडत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, गुरव, मुलाणी, मांग, महार, असे बलुतेदार येत आणि आपापले बलुते घेऊन जात. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे. लोहाराने नांगराचा फाळ शेवटायचा, सुताराने औते घडवायची, मांगाने कासरे आणि दोर वळायचे, चांभाराने मोट शिवायची. बैलाच्या एका जोडीमागे साऱ्या गावाचे हात लागलेले असत.

आणि महाराने काय करायचे? गावाची पडेल ती कामे, वेसकरी, सांगावा, आणि मेलेले जनावर ओढून नेणे. येथे आपण त्या राहिलेल्या अर्ध्या सत्यापाशी येतो. ज्या बैलाला घरच्या लोकांनी वाढवले, नाव दिले, पुरणपोळी भरवली, तो मेला की घरचे कोणी त्याला हात लावत नसत. वेशीबाहेरून माणसे बोलावली जात. जिवंत बैलाला वेशीच्या आत, घराच्या पोटात जागा होती. मेलेला बैल ओढून नेणाऱ्या माणसाला मात्र त्या दरवाजातून घरात पाऊल टाकता येत नव्हते. ज्या पाणवठ्यावर म्हैस डुंबत असे, तेथे त्याच्या बायकोला घागर बुडवण्याची मुभा नव्हती. बैलाला त्याच्या नावाने हाक मारत. या माणसाला बहुधा जातीच्या नावाने. मुक्या जिवांवर एवढे प्रेम करणाऱ्या गावाला बोलणाऱ्या माणसाचे दुःख ऐकू येऊ नये, हे आपल्या ग्रामीण इतिहासातील सर्वांत मोठे कोडे आहे.

हे कोडे सुटायला सुरुवात झाली ती ज्यांच्यावर ओझे होते त्यांनीच ते खाली ठेवले तेव्हा. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढण्याचे आणि त्यांचे मांस खाण्याचे सोडण्याचा संदेश दिला. १९४१ साली निजामाच्या राज्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद त्यांच्या उपस्थितीत भरली. वतन म्हणजे मान नव्हे, वेठ आहे, ही जाणीव त्यातून मराठवाड्यात रुजली. गावोगाव त्याची किंमत मोजावी लागली. काम सोडले म्हणून बलुते बंद झाले, वाटा अडवल्या गेल्या. पुढे १९७८ च्या जुलै महिन्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि नांदेड, परभणी आदी जिल्ह्यांतील अनेक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. जे शेजारी पिढ्यानपिढ्या एका खळ्यावर जमत होते, तेच एका रात्रीत परके झाले.

आपल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास याच वेशीपाशी सुरू होतो, हे आपण विसरता कामा नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगाव येथे मिशनचे काम सुरू झाले. संत फ्रान्सिस द साल यांच्या संघाचे फ्रेंच मिशनरी ज्या वस्त्यांत गेले, त्या बहुतेक वेशीबाहेरच्याच होत्या. १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना झाली आणि परभणीसह मराठवाडा त्यात आला. या धर्मप्रांतातील कित्येक कुटुंबांच्या आजोबा-पणजोबांनी प्रथम शेणाच्या वासाच्या, कुडाच्या झोपडीत मिस्सा ऐकली. बेथलेहेमचा गोठा त्यांना समजावून सांगावा लागला नाही. पण हेही कबूल केले पाहिजे की चर्चच्या दारातून आत येताना आपण सगळेच जुनी ओझी बाहेर ठेवून आलो नाही. सोयरीक जमवताना आजही काही घरांत कोणता प्रश्न आधी विचारला जातो, हे प्रत्येक धर्मगुरूला ठाऊक आहे. कागदाचीही एक वेस असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची व्याख्या हिंदू धर्मीयांपुरती ठरली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध तिच्यात आले. ख्रिस्ती दलित मात्र अद्याप त्या वेशीबाहेरच उभे आहेत.

गायरानाचा प्रश्नही असाच गुंतागुंतीचा आहे. गुरांच्या चराईसाठी राखलेली ही जमीन. भूमिहीनांनी तिच्यातला तुकडा कसायला मागितला, तेव्हा गावाला एकाएकी गुरांची आठवण झाली. १९५३ साली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. त्यानंतर १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली मोठे लढे झाले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला, आणि ज्यांचे कागद पूर्ण झाले नव्हते ते पुन्हा धास्तावले. येथे बाजू घेणे सोपे नाही. गायरान गेले की गरिबाच्या शेळीचीही चराई जाते. पण ज्याच्या पूर्वजांनी गावची मेलेली गुरे शतकानुशतके ओढली, त्याने जिवंत गुरांच्या जमिनीतून दोन एकर मागितले तर त्याला चोर म्हणणे न्यायाचे नाही. बैलाच्या घासाची काळजी वाहणाऱ्या त्या जुन्या आज्ञेचा संत पौलाने जो अर्थ लावला, तोच येथे लागू पडतो.

दरम्यान बैलच नाहीसा होऊ लागला आहे. १९७२ च्या दुष्काळात चारा-पाण्यावाचून दावणीची जनावरे मातीमोल भावाने विकावी लागली. शेतकरी बैलाच्या गळ्याला मिठी मारून रडले, असे जुनी माणसे सांगतात. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत मराठवाड्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. पण दुष्काळ येतो आणि जातो. पीकपद्धती बदलली ती कायमची. या भागात ज्वारी हे माणसाचे आणि जनावराचे सामाईक पीक होते. कणीस माणसाला, कडबा बैलाला. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आणि त्याच्या काडाने कडब्याची भूक भागेना. ट्रॅक्टर आला, तो भाड्याने मिळतो. मग वर्षभर बैल कोण पोसणार? २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील देशी गुरांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे सहा टक्क्यांनी घटलेली दिसली. बैलाबरोबर सावडही गेली. ट्रॅक्टरला शेजारी लागत नाही, डिझेल आणि रोख पैसा लागतो. ज्याच्याजवळ रोकड नाही त्याची पेरणी मागे पडते. पूर्वी त्याचीही पाळी ठरलेली असे.

म्हणून जुने खेडे परत आणावे असे मी म्हणत नाही. ज्यांना त्या खेड्याने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या नातवंडांना हे सांगण्याचा अधिकार मला नाही आणि कोणालाच नाही. परंतु वेस पाडताना सावडही मोडली, हे मात्र आपले नुकसान आहे. खरे तर वेस पाडून सावड ठेवायची होती. अनेक ठिकाणी आपण उलटे केले. सावड मोडली आणि वेस मनात तशीच राहिली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे दोन्ही एकाच वेळी ऐकायला सांगितले. आपल्या गावांना ही शिकवण नवी नाही. त्यांनी पहिला आक्रोश ऐकला होता. दुसऱ्याकडे कानाडोळा केला.

शेवटी एका स्पॅनिश सालगड्याची आठवण करून देतो. संत इसिदोर हा अकराव्या-बाराव्या शतकात माद्रिदजवळ एका जमीनदाराच्या शेतात राबणारा मजूर. नांगर धन्याचा, बैल धन्याचे, जमीन धन्याची. तो पहाटे मिस्सेला जाई म्हणून कामाला उशिरा येतो, अशी तक्रार धन्यापाशी झाली. धनी लपून पाहायला गेला, तेव्हा इसिदोर प्रार्थनेत होता आणि त्याचे औत देवदूत हाकत होते, अशी परंपरागत कथा आहे. १२ मार्च १६२२ रोजी संत इग्नेशियस लोयोला, संत फ्रान्सिस झेवियर, संत तेरेजा आणि संत फिलीप नेरी या थोरांच्या बरोबरीने या शेतमजुराला संतपद देण्यात आले. १५ मे हा त्याचा सण. पाडव्याला ज्याचे साल बांधले जाते, अशा आपल्या प्रत्येक सालगड्याला या संताची गोष्ट कळली पाहिजे. देवदूत पाटलाच्या मानाच्या बैलापाशी थांबले नाहीत. ज्याच्या नावावर एकही बैल नव्हता, त्याच्या औतापाशी ते आले.

तेव्हा या नाताळात गोठा उभारणाऱ्या तरुणांना माझे एकच सांगणे आहे. बैल आणि गाढव यांना त्यांच्या जागी ठेवा. ती त्यांचीच जागा आहे. पण एक जागा मोकळी सोडा. ज्या शेजाऱ्याशी आपला बांधावरून किंवा जुन्या अबोल्यावरून तंटा आहे, ज्याच्या घरी आपण अजून पाणी प्यालेलो नाही, त्याला नाताळच्या आदल्या दिवशी जाऊन आवतण द्या. पोळ्याला आपण बैलाच्या कानात आवतण सांगत आलो आहोत. तेच शब्द माणसाच्या कानात सांगायला आपली जीभ जड होऊ नये.